कुंपणाआतला रील : एका नाचमंडळाची गोष्ट

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा वक्त्यांचीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘मंडळ’ या गोष्टीवर बोला. आपल्याकडे मंडळांना तोटा नाही. भजनी मंडळ आहे, गणेश मंडळ आहे, महिला मंडळ आहे. पण जवळच्या गोष्टीकडे बघताना आपण पटकन बाजू घेतो. म्हणून मी मुद्दाम लांबचं उदाहरण घेतलंय : स्कॉटलंडमधला कंट्री डान्स आणि तो नाचणारी छोटी छोटी स्थानिक मंडळं. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं नाचावर बोलावं, हा थोडा आगाऊपणा आहे. पण या नाचाच्या इतिहासात एक प्रश्न दडलाय आणि तो आमच्या विषयातला आहे. परंपरा जपायची म्हणजे नेमकं काय करायचं? आहे तशी ठेवायची, की तिच्यात नवं काही घडू द्यायचं? आणि हे ठरवणार कोण?

स्कॉटिश लोक आपल्याला तसे अनोळखी नाहीत. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटिश, मुंबईत विल्सन कॉलेज उभं करणारे जॉन विल्सन स्कॉटिश, एल्फिन्स्टनही स्कॉटिश. त्यांची पुस्तकं आणि कॉलेजं आपण ओळखतो. त्यांचा नाच मात्र आपल्यापर्यंत आला नाही.

नाच असतो कसा

आधी नाच डोळ्यांपुढे आणू या. दोन रांगा समोरासमोर. एका रांगेत पुरुष, दुसरीत स्त्रिया. साधारण चार जोड्या मिळून एक ‘सेट’ होतो. वाजवायला फिडल, अकॉर्डियन, कधी पियानो. बहुतेक नाचांत संगीताचं एक आवर्तन ३२ बारचं असतं. बार म्हणजे, आपल्या तालात विभाग असतो ना, तसा एक छोटा तुकडा. ताल मुख्यतः तीन प्रकारचे. रील आणि जिग हे जलद आणि स्ट्रॅथस्पे हा संथ. स्ट्रॅथस्पे हा खास स्कॉटलंडचा. त्यात सुरांना एक झटका असतो, एक स्वर आखूड, पुढचा लांब.

आता गंमत बघा. पहिली जोडी वरून सुरू करते. शेजारच्या जोड्यांबरोबर वर्तुळं, वळणं, हात धरून फिरणं, असं सगळं करून आवर्तन संपताना ती एक जागा खाली येते. दुसरं आवर्तन तिथून. मग ती तळाला जाते आणि जी जोडी दुसऱ्या नंबरवर उभी होती ती आता पहिली होते. अशी आठ आवर्तनं झाली की प्रत्येक जोडी एकदा पहिली होऊन गेलेली असते. वरची जागा सगळ्यांना मिळते आणि ती कुणालाच ठेवता येत नाही. (हशा) हो, आपल्या मंडळांच्या अध्यक्षांनी यावर जरा विचार करावा.

आपला गोफ आठवा. वर बांधलेल्या रंगीत दोऱ्या, नाचता नाचता त्यांची वीण होते आणि उलट्या पावलांनी ती सुटते. तिथे एक जण चुकला तर सगळी वीण बिघडते. कंट्री डान्समध्ये दोरी नसते, पण वीण असते. ती माणसांच्या वाटांची. समोरचा माणूस त्या क्षणी त्या जागी असणार, या भरवशावर तुम्ही हात पुढे करता.

डेव्हिड ह्यूम हा एडिनबरोचा तत्त्वज्ञ. त्याच्या १७३९-४० च्या ग्रंथात एक साधं उदाहरण आहे. दोन माणसं एक होडी वल्हवतात. त्यांनी एकमेकांना वचन दिलेलं नसतं, करार केलेला नसतो. तरी वल्ही बरोबर पडतात, कारण दोघांनाही एकच हित दिसत असतं आणि दुसराही आपल्यासारखं करील अशी अपेक्षा असते. ह्यूमच्या मते न्याय, मालमत्ता, भाषा, या सगळ्या गोष्टी अशाच रूढीतून उभ्या राहतात. माझ्या मते नाचाचा सेट म्हणजे त्या होडीचंच मोठं रूप. फक्त होडीत दोघं होते, इथे आठ जण आहेत.

दिवाणखान्यातला नाच

आता इतिहास. या नाचाचं मूळ शुद्ध स्कॉटिश आहे का? नाही. कंट्री डान्सचं पहिलं मोठं छापील पुस्तक लंडनचं, जॉन प्लेफर्डनं १६५१ मध्ये काढलेलं, आणि त्याच्या नावातच ‘इंग्लिश’ हा शब्द आहे. हा नाच उत्तरेकडे गेला, तिथल्या जुन्या रीलला भेटला, तिथल्या फिडलवाल्यांच्या हाती पडला आणि त्याचा रंग बदलला. १७२३ मध्ये एडिनबरोत ‘असेंब्ली’ सुरू झाली. असेंब्ली म्हणजे तिकीट काढून नाचायला जमण्याची सभ्य जागा. जमलेला पैसा गरिबांच्या मदतीला जायचा. तरीही धर्मनिष्ठ मंडळींनी त्याविरुद्ध पत्रकं काढलीच. कवी-कादंबरीकार ऑलिव्हर गोल्डस्मिथ १७५३ मध्ये तिथे वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्यानं मित्राला पत्रातून या नाचाचं वर्णन कळवलंय. बायका एका टोकाला, पुरुष दुसऱ्या टोकाला आणि कोण कुणाबरोबर नाचणार हे ठरवणार एक मानकरी बाई. त्याला सगळा प्रकार भारी कंटाळवाणा वाटला.

पण हा नाच फक्त बड्यांचा नव्हता. रॉबर्ट बर्न्स या शेतकऱ्याच्या पोरानं १७७९ मध्ये टारबोल्टन गावी नाचाच्या वर्गाला नाव घातलं. वडिलांना ते पसंत नव्हतं, तरी घातलं. पुढच्याच वर्षी, १७८० मध्ये, त्याच गावात त्यानं मित्रांबरोबर एक वादमंडळ काढलं, बॅचलर्स क्लब नावाचं. नाचाचा वर्ग आणि हे मंडळ एकाच घरात भरायचे. ते घर आजही जतन केलेलं आहे. मला ही जोडी फार आवडते. पावलं शिकायची आणि बोलायला शिकायचं, दोन्ही एका छपराखाली.

त्याच काळात डंकेल्डजवळ इनव्हर नावाच्या खेड्यात नील गाउ हा फिडलवादक होता. त्याच्या चाली अजून वाजतात. एकोणिसाव्या शतकात वॉल्ट्झ, क्वाड्रिल, पोल्का आले आणि शहरी दालनांतून कंट्री डान्स मागे हटला. खेड्यापाड्यांत, शेतकऱ्यांच्या नाचांत तो चालू राहिला, पण प्रत्येक गावात थोडा वेगळा.

१९२३, ग्लासगो

इथे आपल्या गोष्टीतल्या दोन बाया येतात. एक इझोबेल स्टुअर्ट, अर्गाइल भागातल्या. गर्ल गाइड चळवळीत काम करत होत्या. त्यांची तक्रार साधी होती. स्कॉटलंडच्या मुली नाच शिकतात ते इंग्लंडचे, कारण पुस्तकं तिथली. इंग्लंडमध्ये सेसिल शार्पनं १९११ मध्येच लोकनृत्य मंडळ काढलं होतं. स्टुअर्टबाई स्कॉटिश नाचांचं पुस्तक काढावं म्हणून पॅटरसन या संगीत-प्रकाशकांकडे गेल्या. तिथून त्यांची गाठ घालून देण्यात आली दुसऱ्या बाईंशी, जीन मिलिगन यांच्याशी. मिलिगन ग्लासगोच्या जॉर्डनहिल कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवत. म्हणजे शिक्षिकांच्या शिक्षिका.

२६ नोव्हेंबर १९२३ रोजी ग्लासगोच्या अथेनियममध्ये सभा झाली आणि स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी स्थापन झाली. पुढच्या वर्षीपासून पुस्तकं निघू लागली. जुन्या हस्तलिखितांतून, छापील संग्रहांतून, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून नाच गोळा करायचे, त्यांची एक सुसंगत लिखित रूपरेषा करायची आणि शिक्षक तयार करायचे. १९२७ पासून सेंट अँड्रूज गावी उन्हाळी वर्ग सुरू झाला, तो आजही भरतो. १९५१ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी ‘रॉयल’ हे बिरुद दिलं. मिलिगनबाई १९७८ मध्ये वारल्या, नव्वदी ओलांडून.

आता इथे थांबून जरा हिशेब मांडू. या बायांनी नाच वाचवला, यात शंका नको. पण वाचवताना त्यांनी तो बदललासुद्धा. पाऊल असंच टाकायचं, टाच अशीच वळवायची, हात खांद्याच्या उंचीवर, आकृती नेमक्या इतक्या बारमध्ये पूर्ण. गावोगावच्या पद्धतींमधून एक निवडली गेली आणि ती ‘बरोबर’ ठरली. उरलेल्या आपोआप ‘चूक’ ठरल्या. शेतकऱ्याच्या कोठारात जड बुटांनी नाचला जाणारा नाच आता मऊ तळव्यांच्या चपलांत, व्यायामशिक्षिकेच्या शिस्तीत आला. ज्या म्हाताऱ्याकडून तो नाच उतरवून घेतला, त्याला पुस्तकातलं रूप दाखवलं असतं तर त्यानं ते ओळखलं असतं का? हा प्रश्न विचारायलाच हवा.

आपल्याकडे हे नवीन नाही. बोली आणि प्रमाणभाषा यांचं भांडण हेच आहे. प्रमाण रूप ठरवलं की दूरदूरची माणसं एकमेकांशी बोलू शकतात. आणि त्याच क्षणी कुणाच्या तरी आजीची भाषा अशुद्ध होते. दोन्ही एकाच वेळी घडतं. एक घ्या आणि दुसरं नको, असं करता येत नाही.

मग प्रमाण रूपातून मिळालं काय? याचं उत्तर मला एका अशा मंडळात सापडलं, जे कुणी नीट स्थापन केलं नव्हतं. त्याला वर्गणी नव्हती आणि त्याच्या सभासदांना घरी जायची परवानगी नव्हती.

लाउफेन

१९४० चा मे-जून. डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आणलं, हे आपण शाळेत शिकलो. पण सगळं आलं नाही. ५१ वी हायलँड डिव्हिजन फ्रेंचांच्या हुकमतीखाली दुसरीकडे लढत होती. ब्लॅक वॉच, सीफोर्थ, गॉर्डन, कॅमरन, अर्गाइल अशा स्कॉटिश पलटणी. मागे हटत हटत ते नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सेंट व्हालेरी-आँ-को या छोट्या बंदरात अडकले. धुकं होतं, कड्यांवर जर्मन तोफा होत्या, जहाजं आत येऊ शकली नाहीत. १२ जून १९४० रोजी सेनापती व्हिक्टर फॉर्च्युन यांनी रोमेलपुढे शरणागती दिली. दहा हजारांहून अधिक माणसं कैद झाली. आजही हायलँड्समध्ये अशी गावं आहेत, जिथे सेंट व्हालेरी हे नाव घेतलं की घरातलं कुणीतरी आठवतं.

अधिकाऱ्यांना बव्हेरियात, ऑस्ट्रियाच्या हद्दीला लागून असलेल्या लाउफेन गावी ठेवलं. साल्झबुर्गच्या आर्चबिशपचा जुना वाडा, त्याची छावणी केलेली. जिनिव्हा कराराप्रमाणे अधिकाऱ्यांकडून काम करून घेता येत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण विचार करा. खायला अपुरं, बातमी नाही, काम नाही आणि किती दिवस तेही माहीत नाही. शिक्षेला मुदत असते. युद्धकैद्याला मुदत नसते.

तिथे काही जणांनी नाच सुरू केला. हायलँड पलटणींच्या अधिकाऱ्यांना रील यायचा, तो मेसमधला रिवाजच होता. त्यांच्यात पर्थ शहरातल्या सोसायटीच्या शाखेचे अध्यक्ष होते, लेफ्टनंट कर्नल टॉम हॅरिस हंटर. म्हणजे एक स्थानिक मंडळ चालवणारा माणूसच कैदेत आला होता. आणि होता ७ व्या अर्गाइलचा एक तरुण लेफ्टनंट, जिमी अ‍ॅटकिन्सन. त्याच्या मनात एक नवा नाच बांधायची कल्पना आली. सीफोर्थचा लेफ्टनंट पीटर ऑलिव्हर आणि कर्नल हंटर यांनी ती तपासायला, घडवायला मदत केली. त्याचं नाव पडलं ‘रील ऑफ द ५१स्ट डिव्हिजन’.

नाचाची रचना सांगतो, कारण सगळा अर्थ तिच्यात आहे. पहिली जोडी खाली उतरून पुन्हा मध्यभागी येते. मग दोघंही आपापल्या पहिल्या कोपऱ्यातल्या माणसासमोर पावलं टाकतात, उजव्या हातानं त्याला वळवतात आणि तो हात न सोडता डावा हात आपल्या जोडीदाराला देतात. चौघांची एक तिरपी रेघ तयार होते, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्या रेघेत सगळे जागच्या जागी पावलं टाकतात. मग हेच दुसऱ्या कोपऱ्यांबरोबर, म्हणजे दुसरी तिरपी रेघ. दोन रेघा मनात एकमेकींवर ठेवा. फुली होते. ती फुली म्हणजे सेंट अँड्रूचा क्रूस, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा. आणि शेवटी सहा जणांचं वर्तुळ, डावीकडे आणि परत.

जिथे तो झेंडा लावणं शक्यच नव्हतं, तिथे तो या माणसांनी स्वतःच्या हातांनी काढला. तोही क्षणभर. सगळा क्रूस एका वेळी कधी दिसतच नाही, आधी एक रेघ दिसते आणि ती मोडल्यावर दुसरी. पहारेकऱ्याला काय जप्त करता येणार?

अशीही गोष्ट सांगतात, की अ‍ॅटकिन्सननं नाचाची कृती पत्रातून घरी पाठवली तेव्हा जर्मन तपासनिसांना ती सांकेतिक लिपी वाटली आणि त्यांनी ती उलगडायचा खूप प्रयत्न केला. सांगताना सांगणाऱ्यांनी थोडं मीठमसाला लावलं असेल. पण ज्यानं नाचाची लेखी कृती पाहिलीय त्याला हे खोटं वाटणार नाही. ‘१ ते ८, पहिली जोडी, दोन जागा खाली, पहिला कोपरा, उजवा हात.’ पोलिसाच्या हाती पडलं तर तो काय समजेल? (हशा)

पुढे कैदी वॉरबर्गच्या छावणीत हलवले गेले, तिथेही हा नाच झाला. नाचणारे सगळे पुरुषच. आणि युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, सोसायटीनं आपल्या तेराव्या पुस्तकात, ज्याला ‘विजयाचं पुस्तक’ म्हणतात, हा नाच छापला. ज्या सोसायटीचा जन्म जुने नाच जपण्यासाठी झाला, तिनं हयात माणसानं, तेही कैदेत, रचलेला नाच आपल्या संग्रहात घेतला. आज तो त्या संग्रहातल्या सर्वांत लाडक्या नाचांपैकी एक आहे.

आता माझा मुद्दा. वेगवेगळ्या पलटणींतली, वेगवेगळ्या गावांतली माणसं, हाताशी पुस्तक नाही, तरी एकत्र नाचू शकली, आणि ‘पहिला कोपरा’ म्हटलं की सगळ्यांना एकच जागा कळली. हे शक्य होण्यात ग्लासगोच्या त्या शिस्तप्रिय बाईंचा वाटा आहे. नियम डोक्यात पक्के असले की माणूस नियमांचं पुस्तक न बाळगता फिरू शकतो. आणि पक्क्या नियमांतूनच नवी रचना करता येते. व्याकरण आलं म्हणून कविता होत नाही, हे खरं. पण ज्यांची भाषा एक नाही, त्यांना मिळून कविता करता येत नाही, हेही खरं.

ब्लेचली

त्याच युद्धात, त्याच नाचाचं दुसरं मंडळ. लंडनच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवर ब्लेचली पार्क. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडायचं केंद्र. १९४५ च्या सुरुवातीला तिथे सुमारे ९,००० माणसं काम करत होती आणि त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश स्त्रिया. शेजारच्या खोपटात काय चालतं ते विचारायचं नाही, आपल्या खोपटात काय चालतं ते सांगायचं नाही. ‘हट’ म्हणत त्या लाकडी खोपटांना.

तिथे नाटकमंडळी होती, गायनमंडळी होती, बुद्धिबळ होतं आणि स्कॉटिश नाचाचं मंडळ होतं. ते चालवायचा ह्यू फॉस. जपानमधल्या कोबे शहरात जन्मलेला, वडील तिथे मिशनरी बिशप. १९२४ पासून हा माणूस ब्रिटिशांच्या संकेतशाळेत होता. एनिग्मा यंत्राची बाजारात मिळणारी आवृत्ती त्यानं विसाव्या दशकातच तपासली होती. पुढे ट्युरिंगनं काढलेल्या एका पद्धतीनं नौदलाच्या एनिग्माचा जो पहिला दिवस उलगडला, तो ८ मे १९४० चा, आणि तो उलगडला फॉसनं. सहकारी त्याला ‘फॉस दिवस’ म्हणत. नंतर तो जपानी नौदलाच्या संकेतांच्या विभागाचा प्रमुख झाला. उंचच उंच माणूस, दाढी, पायांत सँडल. वॉशिंग्टनला गेला तेव्हा अमेरिकनांनी त्याला ‘लेंड-लीजमधला येशू’ असं नाव ठेवलं होतं.

आता विचार करा, त्या नाचाच्या संध्याकाळी काय होत असेल. दिवसभर ज्यांना एकमेकांशी कामाचं अक्षर बोलायचं नाही, ती माणसं समोरासमोर उभी राहतात. इथे एकमेकांना विचारायचं काहीच नाही. पुढची चाल सगळ्यांना माहीत आहे, गुपित कुठेच नाही. दिवसभराच्या जगाच्या बरोबर उलट. एका हटमधला एक तरुण गणिती आणि स्कॉटलंडहून आलेली, भाषा शिकणारी एक तरुणी या मंडळात भेटली आणि युद्धानंतर त्यांनी लग्न केलं. ब्लेचलीबद्दल जाहीरपणे बोलायची मुभा १९७० च्या दशकात मिळाली. तोवर अशी जोडपी वर्षानुवर्षं एका घरात राहिली आणि आपण युद्धात नेमकं काय केलं, हे जोडीदाराला सांगितलं नाही. नाचलो कुठे, ते मात्र दोघांना ठाऊक.

निवृत्तीनंतर फॉस स्कॉटलंडच्या गॅलोवे भागात डॅल्री गावी राहायला गेला आणि नाच रचत राहिला. ‘जॉन मॅकअल्पिन’, ‘जे. बी. मिल्न’ हे त्याचे नाच आजही मंडळांत होतात. नाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना फॉस म्हणजे नाच रचणारा, एवढंच माहीत असतं.

परंपरा कुणाची

तर दोन मंडळं. एक तारेच्या कुंपणाआत, एक गुपिताच्या कुंपणाआत. दोन्ही ठिकाणी नाचानं युद्धात तसूभर फरक पाडला नाही. नाचामुळे जर्मनी हरली नाही. मग त्याचा उपयोग काय? अ‍ॅलिस्डेअर मॅकिन्टायर, ग्लासगोत जन्मलेला तत्त्वज्ञ, १९८१ च्या त्याच्या पुस्तकात एक फरक करतो. काही फायदे बाहेरचे असतात, पैसा, मान, पद. ते दुसऱ्या मार्गानंही मिळतात. पण काही फायदे त्या कृतीच्या आतच असतात, ते ती कृती करूनच मिळतात. बुद्धिबळातली खोली बुद्धिबळ खेळूनच कळते. कैद्याकडून बाहेरचं सगळं काढून घेता येतं. आतलं चांगलं निर्माण करायची क्षमता काढून घेणं फार अवघड. लाउफेनमधल्या माणसांनी हे सिद्ध करायला नाच केला नाही. त्यांना नाचायचं होतं. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

आणि सुरुवातीचा प्रश्न. परंपरा जपायची म्हणजे काय? मिलिगनबाईंनी जतन केलं आणि प्रमाण रूप ठरवलं. त्यात गावोगावची रूपं हरवली, ते नुकसान खरं आहे, ते पुसून टाकू नये. पण त्यांनी दिलेल्या भाषेत एका कैद्यानं नवं वाक्य बोललं आणि सोसायटीनं ते आपलं मानलं. ज्या क्षणी तिनं ते मानलं, त्या क्षणी ती संग्रहालय राहिली नाही. माझं उत्तर इतकंच : परंपरा जिवंत आहे की नाही, हे तिच्यात किती जुनं आहे यावरून कळत नाही. तिच्यात अजून नवं रचता येतं का, आणि रचलेलं बाकीचे नाचतात का, यावरून कळतं. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची. एकट्यानं रचून भागत नाही.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : स्कॉटिश परंपरा बऱ्याच बनावट आहेत असं इतिहासकारच म्हणतात. मग हा नाचही तसाच नव्हे का?*

हो, १९८३ मध्ये हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी संपादित केलेल्या पुस्तकात ट्रेव्हर-रोपरचा गाजलेला लेख आहे. हायलँडचा म्हणून मिरवला जाणारा पोशाख किती अलीकडचा, हे तो दाखवतो. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटनं सगळ्यांना टार्टन चढवून जो सोहळा उभा केला, तेही खरं. पण ‘कुणीतरी केव्हातरी सुरू केलं’ म्हणजे ‘खोटं’, असं होत नाही. सगळंच कुणीतरी सुरू केलेलं असतं. खोटेपणा सुरू होतो तो मूळ लपवलं की. ५१ व्या डिव्हिजनच्या रीलचा कर्ता, जागा, साल, सगळं उघड आहे. तो प्राचीन असल्याचा दावा कुणी करत नाही. तरी तो परंपरेतला आहे.

*प्रश्न : आमच्या मंडळात तरुण येत नाहीत. या लोकांनी काय केलं?*

तिथेही हीच कुरबुर आहे. बऱ्याच मंडळांत पुरुष कमी, म्हणून स्त्रियाच पुरुषांची बाजू नाचतात. लाउफेनमध्ये पुरुष स्त्रियांची बाजू नाचले, आता उलट. बाजू महत्त्वाची, ती कोण भरतं हे नाही. २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा सोसायटीनं घरबसल्या नाचायचे धडे लोकांना पाठवले. माणूस खोलीत एकटा, मनातल्या सात जणांबरोबर नाचतोय! २०२३ मध्ये तिची शंभरी झाली. आज जगभर शंभराहून अधिक शाखा आहेत. टोकियोतही आहे.

पण तुम्हाला उपयोगी पडेल असं एक सांगतो. तिथे नवख्या माणसाला पहिल्या जागी उभं करत नाहीत आणि भिंतीशी बसवूनही ठेवत नाहीत. त्याला सेटमध्ये चौथ्या जागी घेतात. म्हणजे तो सेटमध्ये असतो, त्याच्याशिवाय सेट पुरा होत नाही, पण आपली पाळी येईपर्यंत त्याला इतरांचं बघायला मिळतं. आपल्या मंडळात नवा आला की आपण त्याला एक तर सतरंज्या उचलायला लावतो, नाहीतर एकदम चिटणीस करतो. मधली जागाच ठेवत नाही. ती ठेवून बघा.